‘एवढीच दाढ पाहा, डॉक्टरसाहेब!’

प्रताप नगरातील माझ्या दवाखान्यात संध्याकाळी येणारे बहुतेक रुग्ण एका हाताने गाल धरूनच पायरी चढतात. खुर्चीवर नीट टेकण्यापूर्वीच तोंडात बोट घालून दुखणारी जागा दाखवतात आणि म्हणतात, "एवढीच दाढ पाहा, डॉक्टरसाहेब. बाकी सगळं ठीक आहे." बाकी ठीक आहे हे कशावरून, असे विचारले की उत्तर ठरलेले, "दुखत नाही ना!"

वाचकहो, दुखण्यावरून तोंडाची पारख करणे हा फार फसवा हिशेब आहे. दातावरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण त्याला संवेदना नसते. कीड त्यात शिरली तरी कळत नाही. ती आतल्या थरात उतरली की थंड आणि गोड लागू लागते, आणि नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. म्हणजे ठणका लागतो तो कीड शेवटच्या मुक्कामाला पोहोचल्यावर. हिरड्यांचा आजार तर दात हलू लागेपर्यंत फारसा दुखतच नाही. आणि गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला उठणारा पांढरा वा लाल चट्टा, ज्याची आम्हा दंतवैद्यांना खरी धास्ती असते, तो सुरुवातीला बहुधा मुळीच दुखत नाही.

तेव्हा संपूर्ण दंततपासणी ही दुखणाऱ्या दाढेसाठी नसते. न दुखणाऱ्या गोष्टींसाठी असते. तिच्यात नेमके काय होते, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक ती टाळतात. "आत गेलो की मशीन लावतील" ही भीती तर लहानांपेक्षा मोठ्यांनाच अधिक. म्हणून आज खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंतचा सगळा प्रकार सांगतो. एवढे आधीच सांगून ठेवतो, की नुसत्या तपासणीत सुई टोचत नाहीत, दात कोरत नाहीत आणि काढतही नाहीत. पहिल्या वेळी अर्धा ते पाऊण तास लागतो.

येताना जेवून, दात घासून यावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चुकवू नये. चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटचा साखरेचा रिपोर्ट, पूर्वीचे दातांचे एक्स-रे आणि कवळी वापरत असाल तर ती, एवढे एका पिशवीत घालून आणावे. भगिनींनी त्या दिवशी लिपस्टिक लावू नये. ओठांचा खरा रंग पाहणे हादेखील तपासणीचाच भाग आहे.

सुरुवात होते ती प्रश्नांनी, आणि इथेच काही मंडळींचा धीर सुटतो. "दात दाखवायला आलो आणि हे साखर विचारतात!" पण हे प्रश्न वेळ घालवण्यासाठी नसतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर दात काढताना त्याची तयारी वेगळी करावी लागते. (ती गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नये; हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर कधीच नाही.) रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि फिट्स येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या एका औषधाने हिरड्या फुगतात. हृदयाची झडप बदललेली असेल तर काही उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने घेतलेली असतील, तर दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून येण्यास अडचण येऊ शकते. पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण, पूर्वी झालेली कावीळ हे सारे सांगून टाकावे.

आणखी एक प्रश्न मी आवर्जून विचारतो, तो म्हणजे लहानपण कुठे गेले? त्याचे कारण दातांवर दिसते. विदर्भात, विशेषतः यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे असे भारतीय मानक सांगते. दात जबड्यात घडत असतानाच्या वयात असे पाणी पोटात गेले की दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, पुढे तपकिरी डाग पडतात. ही कीड नव्हे आणि घासण्यातला आळसही नव्हे. लग्न ठरताना मुलीला "दात घासत नाही का?" असे विचारल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत, बिचारीने फक्त गावच्या हातपंपाचे पाणी प्यायलेले असते. हेच फ्लोराईड पाण्यातून काढण्याची तुरटी आणि चुन्याची पद्धत आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेने विकसित केली आणि नलगोंडा तंत्र या नावाने ती प्रसिद्ध आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

मग येतो व्यसनाचा प्रश्न. "खर्रा खाता का?" याला नागपुरात "कधीमधी" असे उत्तर मिळते. सोबत आलेल्या वहिनी मात्र वेगळाच आकडा सांगतात. कृपा करून खरा आकडा सांगा. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही. दिवसाला किती पुड्या, किती वर्षे आणि कोणत्या गालात धरता, यावरून कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते ठरते.

आता प्रत्यक्ष तपासणी. दंतवैद्य आधी तोंडाबाहेर पाहतो याचे अनेकांना नवल वाटते. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, जबड्याखाली व मानेत गाठी लागतात का, हे बोटांनी चाचपून पाहतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडझाप करायला सांगतात. तिथे जबड्याचा सांधा असतो. तो कट्‌कट् वाजतो का, उघडताना जबडा एका बाजूला सरकतो का, हे कळते. झोपेत दात खाणाऱ्यांच्या कानशिलाजवळचे स्नायू दुखतात, तेही इथेच समजते.

त्यानंतर तोंड किती उघडते ते मोजतात, आणि या मापाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे. आपल्या भागात याच्याइतके महत्त्वाचे माप दुसरे नाही. घरीही करून पाहता येते. स्वतःची मधली तीन बोटे एकत्र जुळवून, एकावर एक येतील अशी उभी, वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी मोठ्या माणसाला ती सहज घालता येतात. दोनच शिरत असतील, तर थांबू नका.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक ऑटोचालक भाऊ माझ्याकडे आले. वय पस्तिशीच्या आतबाहेर. खालची एक दाढ ठणकत होती, तेवढीच पाहा म्हणाले. पण आरसा आत नेताच येईना. दोन बोटेही कशीबशी गेली. विचारले तेव्हा सांगू लागले, की वर्षभरापासून सकाळचे तर्रीपोहे सोडावे लागले आहेत, रस्सा तोंडाला लागला की आग होते. पूर्वी सावजीचा रस्सा नाक पुसत पुसत संपवणारा हा माणूस! त्यांना वाटले, पोटात उष्णता वाढली. सब्जा, गुलकंद सगळे करून झाले होते. गालाच्या आत बोट फिरवले तर कातडी संगमरवरासारखी पांढरट पडलेली, आणि तिच्याखाली उभ्या ताठ दोऱ्या लागत होत्या. दिवसाला दहा-बारा पुड्या खर्रा, तोही पंधरा वर्षे.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. श्लेष्मल त्वचेखाली तंतू साचून ती आवळत जाते, गालाची लवचीकता जाते, जीभ बाहेर येईनाशी होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये याचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लिहिले. मूळ कारण आहे सुपारी. तंबाखू नसली म्हणजे निर्धोक, ही समजूत खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली आहे. खऱ्र्यात तर सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही घोटलेले असतात. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आणली. खर्रा कसा मिळतो हे कोणत्याही चौकात उभे राहून आपणच पाहावे. हा फायब्रोसिस काही रुग्णांत पुढे कर्करोगाकडे वळतो, आणि तोंडाचा कर्करोग हा भारतातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे.

त्या भाऊंची दाढ नंतर पाहिली. आधी शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले. खर्रा सुटला, एका दिवसात नाही, दोनदा पुन्हा धरून सुटला. औषधे, इंजेक्शने आणि तोंड उघडण्याचे व्यायाम झाले. आवळलेले गाल पूर्वीसारखे मऊ झाले नाहीत आणि होतील असे कोणी सांगितलेही नव्हते. पण आता अडीच बोटे जातात, आजार पुढे सरकलेला नाही, आणि दर तीन महिन्यांनी ते स्वतः होऊन तपासायला येतात. तिखट अजून सोसत नाही.

तोंडाचा आतला भाग पाहताना ओठ उलटवून, गाल ताणून, टाळू, पडजिभेच्या बाजू असे क्रमाने पाहतात. जीभ गॉजच्या तुकड्याने हलकेच धरून बाहेर ओढतात आणि तिच्या दोन्ही कडा व खालची जागा पाहतात. थोडी मळमळ होते. नाकाने श्वास घेत राहिले की जाते. चट्टा किंवा जखम दिसली तर लगेच घाबरून जाऊ नये. दाताचे टोक लागून, गरम चहाने भाजून जखमा होतातच. कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत त्या भरतात. दोन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र तज्ज्ञाला दाखवावी आणि त्यांनी सांगितले तर तुकडा काढून तपासू द्यावा. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तसे होत नाही. तुकड्यावाचून गेलेल्या महिन्यांत तो पसरतो.

यानंतर दातांची पाळी. आरसा आणि बारीक सळई घेऊन डॉक्टर एकेक दात पाहतात आणि मदतनिसाला आकडे सांगतात, "वन-सिक्स, फोर-सिक्स." हे ऐकून एका काकूंनी विचारले होते, "सेहेचाळीस दात कुठून आले माझे?" गंमत अशी, की तोंडाचे चार भाग करतात. पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या रेषेपासून दाताच्या क्रमाचा. उजवीकडचा वरचा भाग एक, डावीकडचा वरचा दोन, डावीकडचा खालचा तीन, उजवीकडचा खालचा चार. तेव्हा ‘फोर-सिक्स’ म्हणजे उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. कीड, झिजलेले दात, जुनी भरलेली चांदी, तिच्या कडेला पडलेली फट, वेडीवाकडी आलेली अक्कलदाढ हे सगळे तक्त्यावर उतरते. तक्ता आपल्यालाही दाखवायला सांगावा.

हिरड्यांची तपासणी मात्र पुष्कळ ठिकाणी घाईत उरकली जाते, आणि हे मला पटत नाही. तिच्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची सळई असते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती हलकेच सरकवून खोली मोजतात, एका दाताभोवती सहा ठिकाणी. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार किंवा अधिक, आणि वर रक्तही आले, म्हणजे हिरडी दातापासून सुटू लागली आहे. आपल्याकडे याला सरसकट पायरिया म्हणतात. आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते, आणि गेलेले हाड सहसा परत येत नाही. आकडे मोठ्याने सांगितले जातात तेव्हा कान देऊन ऐका. तीन, दोन, तीन असे ऐकू आले तर समाधान माना. पाच, सहा, सात ऐकू आले तर तपासणी झाल्यावर प्रश्न विचारा.

या हिरड्यांचे साखरेशी जवळचे नाते आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर पायरिया झपाट्याने वाढतो, आणि पायरिया वाढलेला असेल तर साखर ताब्यात येणे अवघड होते. एक निवृत्त शिक्षक पुढचे दोन दात हलतात म्हणून आले होते. मोजले तर जवळपास सगळीकडे सहा-सात मिलिमीटर आणि एके ठिकाणी पू. वय आणि हिरड्यांची स्थिती जुळेना, म्हणून साखर तपासून यायला सांगितले. आयुष्यात कधी तपासलेलीच नव्हती. रिपोर्ट घेऊन आले तेव्हा दातांचे राहिले बाजूला, आधी त्यांना फिजिशियनकडे धाडले. ते दोन दात काढावे लागले. बाकीचे आजही जागेवर आहेत.

इथेच एक जुना गैरसमज. "दात साफ केले की हलतात." खरी गोष्ट उलटी आहे. लाळेतील क्षार साचून जे किटण दगडासारखे घट्ट बसते, ते हलणाऱ्या दातांना टेकू दिल्यासारखे धरून ठेवते. ते काढले की दात मुळातच किती हलत होता ते उघड होते. आणि वरची दाढ काढल्याने डोळ्यांना काही होत नाही. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी.

एक्स-रे सर्वांना लागतोच असे नाही. पण दोन दाढा एकमेकींना टेकतात त्या ठिकाणची कीड, मुळाशी झालेला पू, झिजलेले हाड, आडवी अक्कलदाढ ही डोळ्यांनी दिसत नाहीत. एका-दोन दातांचा छोटा एक्स-रे तोंडात ठेवून काढतात. संपूर्ण जबड्याचा ओपीजी उभे राहून, चेहऱ्याभोवती यंत्र फिरवून काढतात. छोट्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग साधारणपणे आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो तेवढाच असतो. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधी सांगावे. काय शोधण्यासाठी एक्स-रे काढता, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्याचे साधे उत्तर मिळायला हवे.

हत्यारांबद्दलही विचारावे, संकोच नको. ती नुसती गरम पाण्याने धुऊन चालत नाहीत. ऑटोक्लेव्ह हे कुकरचेच मोठे भावंड. त्यात दाबाखालच्या वाफेने १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे हत्यारे ठेवतात. बंद पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, हातमोजे नवे घातले जातात का, हे पाहावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सगळे झाल्यावर डॉक्टर यादी सांगतात, आणि ती ऐकून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. दोन रूट कॅनाल, चार दात भरणे, सफाई, एक कॅप! अशा वेळी यादी लिहून मागावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात. आधी काय केलेच पाहिजे? काय सहा महिने थांबू शकते? आणि काहीच केले नाही तर काय होईल? चट्टा, पू आणि ठणका आधी. मग हिरड्या आणि वाढती कीड. दात पांढरे करणे वगैरे सगळ्यात शेवटी. खर्चाचा आकडाही कामागणिक लिहून घ्यावा. मनात शंका असेल तर तक्ता आणि एक्स-रे घेऊन दुसऱ्या दंतवैद्याला दाखवावे. त्यात अवमान कोणाचाच नाही.

शाळेतील किंवा मंडळाच्या शिबिरातील तपासणीला मी संपूर्ण तपासणी म्हणणार नाही. तिथे बॅटरीच्या उजेडात दोन मिनिटांत मोठी कीड दिसते. तेवढ्यासाठी ती चांगली. मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप एक दाढ येते. ती कायमची असते. "पडणारच आहे" म्हणून तिच्यातली कीड तशीच सोडली जाते आणि दहा-बाराव्या वर्षी तिला काढण्याची वेळ येते. मूल वर्षाचे होण्याच्या सुमारास एकदा आणि पुढे नियमाने दाखवावे.

आजी-आजोबांनाही आणावे. "सगळे दात गेले, आता काय पाहायचे?" असे ते म्हणतात. पण हिरड्या, जीभ आणि गाल आहेतच. सैल कवळीने होणारी जखम महिनोन् महिने अंगावर काढणारे वृद्ध मी पाहतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

पुन्हा किती दिवसांनी यायचे, हे माणसागणिक ठरते. निरोगी तोंडाला वर्षातून एकदा पुरते. मधुमेह, पायरिया किंवा खर्रा असेल तर तीन ते सहा महिन्यांनी.

ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांनी मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात जावे. १९६८ पासून ते सुरू आहे आणि विदर्भाबाहेरचेही रुग्ण तिथे येतात. हिंगणा मार्गावरील खाजगी दंत महाविद्यालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. अशा ठिकाणी केसपेपर काढल्यावर प्रथम निदान विभागात पाठवतात. तिथे विद्यार्थी सगळा इतिहास लिहून घेतात, तपासतात, मग त्यांचे शिक्षक पुन्हा पाहतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नये. परीक्षेच्या धाकाने असेल, पण वर सांगितलेला प्रत्येक टप्पा तिथे पार पाडला जातो आणि दोन जोड्या डोळ्यांखालून जातो. चट्टा संशयास्पद वाटला तर तेथून पुढे कर्करोग रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था होते. आपल्या शहरात तुकडोजी पुतळा चौकाजवळ राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहेच. सकाळी लवकर जावे, हाताशी अर्धा दिवस ठेवावा, आणि केसपेपर सांभाळून ठेवावा, कारण पुढच्या खेपेला पहिला प्रश्न त्याचाच असतो.